तापल्या इंजिनाचं झाकण

४ मार्च
धाकटीचा होणारा नवरा म्हणजे मूर्तिमंत शहाणपण! मी त्याला मनात 'सरकार' म्हणते. तिघं त्यांचा नवा फ्लॅट बघायला निघालो. गाडी माझी, चालवणार सरकार. ''ताई, तुम्ही मागे आरामात बसा.'' बसले.

चढावर तापमानाचा काटा लालमध्ये गेला. म्हटलं, गाडी बाजूला घ्या, एसी बंद करा, हीटर पूर्ण सोडा — इंजिनातली उष्णता तेवढीच बाहेर पडते. सरकार हसले. ''उकाड्यात हीटर? काय ताई!'' बॉनेटमधून वाफ आल्यावर थांबले. तोंड एवढंसं!

पण खरी अक्कल पुढे पाजळली. धाकटीला म्हणतो, ''रेडिएटरचं झाकण उघड ना. माझा शर्ट खराब होईल.'' आणि ही वेडी ओढणी हाताला गुंडाळून निघाली! दंड धरून मागे खेचली. आत उकळतं पाणी दाबाखाली असतं, झाकण फिरवलं की थेट तोंडावर. चेहरा भाजला असता पोरीचा. सरकारांच्या शर्टापायी!

वर बाटलीतलं गार पाणी इंजिनावर ओतायला निघाला. तडकलं असतं इंजिन. बाटली हिसकावली आणि त्याच्यासमोर पिऊन टाकली.

५ मार्च
गाडी ओढून आणावी लागली. सकाळी इंजिन गार होतं. तरीही झाकणावर जाड फडकं टाकून, थोडंसं फिरवून थांबले, मग काढलं. आत ठणठणाट. खालच्या नळीची पट्टी सैल — तिथूनच गळती. आवळली. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं, बाजूच्या टाकीत वरच्या खुणेपर्यंत. इंजिन चालू ठेवून पाहिलं. काटा मध्यावर, गळती नाही. खाली सांडलेलं पुसून घेतलं. कूलंट विषारी, पण गोड लागतं म्हणून मांजरं चाटतात आणि मरतात.

धाकटी शेजारी उभी. ''तो गंमत करत होता गं.''
''गंमत स्वतःच्या थोबाडावर करावी.''
''तुला तो पहिल्यापासून डोळ्यांत खुपतो!''
खुपतोच. कुसळ नव्हे, अख्खं मुसळ आहे.

९ मार्च
सरकार आईला सांगत होते, गाडी त्यांनीच वाचवली. आई कौतुकानं ऐकतेय! मीच उठून गेले.

२२ मार्च
लग्न झालं. कचेरीत सह्या, फोटो. सही करताना धाकटीनं पेन हातात घेऊन आधी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, मग केली! हिची सही, परवानगी त्याची. निघताना मला म्हणाला, ''ताई, आता काळजी माझ्यावर सोडा.'' याच्यावर मी कुंडीतलं झाड सोडणार नाही.

३ एप्रिल
धाकटीचा फोन नाही. मी केला तर सरकारच उचलतात. ''कामात आहे ती.'' कसलं मेलं काम!

११ एप्रिल
दुपारी अनोळखी नंबर. ''ताई, घ्यायला ये. औषधाच्या दुकानात बसलेय. पायात चपला नाहीत.''

आणली. गाडीत 'मी सांगितलं होतं' जिभेवर आलं होतं, गिळलं. जिना चढण्याआधी माझ्या चपला तिच्यापुढे ठेवल्या. मोठ्या होतात तिला. बोटं आवळून चालली.