हरणीची डावी बाजू

माघ व. १४, शिवरात्र, १९३८
औंढ्याच्या जत्रेत टांग्यांची शर्यत. आमची हरणी पहिली, लागोपाठ तिसऱ्या साली. पुसेगावचा पांढरा घोडा नाल्यापर्यंत पुढे होता. चढावर दुडकी सोडून उधळला, की झाला बाद. चौखूर पळायचं न्हाई हाच तर नेम. आमच्या बाईसाहेब शेवटपर्यंत दुडकीवर. चाबूक मी घरीच ठेवून गेलो होतो. पुसेगावकर चिडून म्हणाला, तुमच्या घोडीला पळताच येत न्हाई. म्हटलं, न्हाई बुवा, नुसतं जिंकता येतं.
घरी आल्यावर आमची गंगी हरणीच्या पायात जाऊन बसली. दीड वर्षाची पोर, भीती कशी ती न्हाई. सौ. ओरडून राहिली. पोर उठेस्तोवर घोडीनं खूर हलवला न्हाई.

चैत्र शु. ५
हिंगोलीला सरकारी अरबी घोडा आलाय. हरणीला घेऊन गेलो. कादर नालबंद संगं होता, चार वर्षं तोच नाल ठोकतो तिला. म्हणाला, पाटील, फाल्गुनात शिंगरू. तिच्या चालीचं एक शिंगरू व्हावं, मग देवाला काही मागायचं न्हाई.

ज्येष्ठ शु. ११
गंगीला पाच दिवस ताप. आईनं पुन्हा भोवऱ्याचं काढलं. हरणीच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा आहे, त्याला आसूढाळ म्हणतात. असलं जनावर ज्याच्या दारात त्याच्या घरात रडणं. घोडी आली त्या दिवसापासून आई हे बोलून राहिली अन् मी हसून राहिलो. आज हसलो न्हाई.

ज्येष्ठ शु. १३
कादरला बोलावलं. भोवरा डागून टाक म्हटलं. म्हणाला, “चाल देखो पाटील, भौंरी क्या देखते.” दोनदा न्हाई म्हणाला. तिसऱ्यांदा आईच पुढे आली, तेव्हा त्यानं सळई तापवली.
तोंड मी धरलं. दुसऱ्या कुणाला धरूच दिलं नसतं तिनं. मी धरलं म्हणून उभी राहिली. नुसती थरथरली. हाताचा वास जाईना.

ज्येष्ठ व. २
गंगी गेली. सकाळी.

आषाढ शु. ४
हरणी डाव्या बाजूला येऊ देत न्हाई. टांग्याला जोडायला गेलो, मान झटकून कोपऱ्यात जाऊन उभी. माझ्यापासून! कादर जवळ गेला तर एवढं करत न्हाई. त्याच्या हातात सळई होती, पण भरवसा माझ्यावर होता ना.
आई म्हणते, भोवरा वरून गेला, आतून हायेच. घालव तिला. सौ. गोठ्याकडं फिरकत न्हाई. तिच्या डोळ्यापुढून घोडी गेलेली बरी, असं मलाही वाटून राहिलं.

आषाढ शु. १२
दिली. असलं जनावर विकत न्हाईत, नारळ देऊन वाटेला लावतात. कळमनुरीकडचा एक टांगेवाला घेऊन गेला. गाभण आहे एवढं सांगायचं होतं. न सांगताच नारळ हातात दिला. बैलगाड्यांच्या मागून दुडकीनं गेली. टापा ऐकू येत होत्या तोवर उभा होतो.

फाल्गुन व. १, १९३९
आज-उद्या व्याली असेल. कुठं? नर का मादी?

शिवरात्र, १९४२
औंढ्याला गेलो, नागनाथाचं दर्शन घेतलं, शर्यतीकडं पाठ करून बसलो. तरी कान तिकडंच. एकही चाल तिची न्हाई. लोक विचारतात, पाटील, नवी घोडी काहून घेत न्हाई? काय सांगावं. रिकामा टांगा दरसाल तेल लावून ठेवतो, एवढा शहाणा मी.

भाद्रपद व. ९, १९४५
आई जाऊन महिना झाला. भाकरी वाढताना सौ. एकदम म्हणाली, “हरणीला काहून दिलं तुमी?” सात वर्षांनी. म्हटलं, तुझ्यासाठीच. तुला बघवत नव्हती.
“मी कवा म्हटलं तसं? गंगी तिच्या पायात खेळायची. तेवढंच राहिलं होतं माझ्यापाशी.”
दोघंही विचारायला सात वर्षं थांबलो. धन्य आमची.

मार्गशीर्ष व. ५, १९४८
कादर आला होता. थकलाय, पण आला. वारंग्याच्या फाट्यावर टांग्याची एक म्हातारी घोडी पाहिली म्हणतो, डाव्या डोळ्याखाली डाग. आपला डाग आपण वळखतो, पाटील, म्हणाला. तिची पोर पण तिथंच, नऊ-दहा वर्षांची, तीच दुडकी. अन् पोरीला भोवरा? म्हटलं. हसला. तिथंच, म्हणाला.
राज्य बदलल्यापासून रस्ते बरे न्हाईत, सगळे जाऊ नका म्हणतात.

मार्गशीर्ष व. ८
जाऊन आलो. टांगेवाला चहाला गेला होता, हरणी झाडाखाली उभी. तोंड पांढरं पडलंय, पाठ बसलीय. पोर टांग्याला जोडलेली, कान टवकारून. तिच्याकडं नीट पाहिलंच न्हाई मी.
गडबडीत डाव्या बाजूनंच गेलो. हात वर केला मात्र, मान झटकली अन् दोन पावलं मागं. दहा वर्षांनी. मला वळखलं तिनं.
टांगेवाला आला, कोण पाहिजे म्हणाला. कुणी न्हाई म्हटलं अन् घरचा रस्ता धरला.
सौ.ला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. मग उठली, गूळ फडक्यात बांधला, पेटीतून लुगडं काढून ठेवलं.
“तिला डागताना मी धरली नव्हती. उद्या मी येते.”
पहाटे निघायचं. टांग्याचा साज पुसून ठेवलाय. का पुसला, मलाच म्हाईत न्हाई.