मामांसकट पूल

तीर्थरूप मामांना,

वस्तरा बाजूला ठेवून (मुद्दाम सांगतो) केलेला साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा पारा उतरला का? इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे दुकान सोडून सगळे. तुम्ही माझाच टॉवेल तोंडाला गुंडाळून तरातरा निघून गेलात, तेव्हापासून माझ्यामागे नुसतं शुक्लकाष्ठ लागलं आहे.

आपला नदीवरचा जुना पूल आता संरक्षित वारसा झाला. मला आधी आनंदच झाला, कारण पुलाच्या टोकाची जुनी जकातीची खोली, म्हणजे आपलं केशकर्तनालय, पुलातच धरली गेली. पण नियम असा, की पाहणीच्या दिवशी पुरातत्त्व खात्याच्या साहेबांनी फोटो काढला तेव्हा जे जसं होतं, ते तसंच राहिलं पाहिजे. नाहीतर दुकान बंद! आरशाचा तडा झाकायला कॅलेंडर लावलं, ते काढायला लावलं. दाराचा पडदा धुतला, तर साहेब कळवळून म्हणाले, "याचा मूळ रंग कुठे गेला?" बायको म्हणते, आता तुम्हीही पोट कमी करू नका. (मी कधी करत होतो?)

परवा साहेब पुन्हा आले, फोटोशी एकेक वस्तू ताडून पाहिली आणि खुर्चीपाशी थबकले. फोटोत तुम्ही आहात, मामा! तोंड उघडं टाकून गाढ झोपलेले. ते पाहुणे होते, गेले, असं मी हात जोडून सांगितलं. "पाहुणे असतील, पण फोटोत आलेत ना? पुढच्या पाहणीला दिसले नाहीत तर कुलूप लावीन." शेजारच्या छत्रीवाल्याला बसवून पाहिलं, पण त्याच्या घोरण्यात दम नाही.

मामा, आजोबांपासूनचं दुकान आहे. मला खरंच धास्ती वाटते आहे. राग गिळा आणि या. खुर्चीत झोपलात म्हणून आता कुणी टोमणे मारणार नाही.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. तुम्ही मिशी नुसती कोरायला सांगितली होती, पण साहेबांची हाक आली, माझा हात दचकला आणि अर्धी गेली. ती आता पुन्हा भरघोस आली असेल. फोटोत मात्र एकच बाजू आहे. दुसरी तुम्ही आल्यावर काढीन. या वेळी हात दचकणार नाही.

आणखी एक. पाहणी दर वर्षी असते. मामींना एवढ्यात सांगू नका.