यूट्यूबवर शिकलेला बांध

१० जून, मंगळवार

ह्यांनी नाव देऊन टाकलं — माझंही! विचारायची पद्धत नाहीच. मे महिन्यात तिकडे उत्तराखंडात, कुमाऊंत जंगल जळलं. आता पाऊस आला की उघड्या डोंगराची माती वाहून खाली येणार, म्हणून ओघळींत दगडी बांध घालायला लखनौहून आमच्या गोमती नगरची बारा माणसं निघालीत. निवृत्त झाल्यापासून ह्यांना डोंगर वाचवायचाय. आधी घरातला गळका नळ बघा म्हणावं! मला म्हणे, "तू फक्त स्वयंपाकाला मदत कर." बरं.

१२ जून

चारबाग स्टेशनवर घेतलेल्या पुऱ्या काठगोदामच्या पुढच्या वळणांवर डोंगरालाच अर्पण केल्या. पोहोचलो एकदाचे.

सगळा उतार काळा. पायथ्याशी नौला — झऱ्यावर बांधलेली दगडी कुंडी. अख्खं गाव तिथलंच पाणी पितं. गावातल्या गोविंदी आमा (इथं आजीला आमा म्हणतात), वय सत्तरच्या पुढं, म्हणाल्या, "मिट्टी आई तो नौला गया." त्या हसत म्हणाल्या, पण मी लगेच वरच्या ओघळी मोजल्या.

१३ जून

हे मुकादम झाले! कुणी केलं? स्वतःच! दोरी लावून वरच्या ओघळीत बांध घातला — मधे उंच, कडांना उतरता. "मधे ताकद पाहिजे!" राजरत्नला फोटो पाठवला. पोराचं उत्तर, "वाह पापा!"

साफ चूक. बांध मधे बुटका हवा, म्हणजे पाणी मधूनच उतरतं. असला घातला तर पाणी कडा पोखरून बाजूनं पळणार. मला माहीत आहे. कसं माहीत, ते सांगायची सोय नाही. बहात्तरच्या दुष्काळात अकरा वर्षांची मी आईबरोबर बंडिंगच्या, म्हणजे बांध घालायच्या सरकारी कामावर दगड वाहत होते. दोन वर्षं शाळा बुडाली. पुढं ह्यांचं, हेडमास्तरांच्या घरचं स्थळ आलं, तेव्हा माझ्या वडिलांनी, अण्णांनी सांगितलं, पोरीला टायफाइड झाला होता, म्हणून शाळा बुडाली. तेव्हापासून मी टायफाइडवाली. घरात कुणाला ताप आला की मलाच विचारतात!

गप्प बसले. सब्जी खारट झाली.

१४ जून

पूर्वा, आमच्या टोळीची पुढारी, राजरत्नपेक्षाही लहान. म्हणाली, सोमवारी पाऊस आहे. मग मात्र राहवेना. म्हणाले, "बीच में नीचा रखो. बड़े पत्थर नीचे, लंबा हिस्सा पहाड़ के अंदर."

"द्रौपदी आंटी, आपको कैसे पता?"

"यूट्यूब!"

हे चष्म्यावरून बघत राहिले. मला अजून मोबाइलचा आवाज कमी करता येत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. तरी ह्यांच्याच ओघळीतला खालचा बांध माझ्याकडे आला. यूट्यूबचा केवढा मान!

१५ जून

घात झाला!

बोलता बोलता ओढणीची चुंबळ केली, दगडांचं घमेलं डोक्यावर ठेवलं आणि चालूही लागले. एक हात मोकळा. बाकीचे एकेक घमेलं दोघांत धरून कण्हत होते. आमा ओरडल्या, "अरे, ये यूट्यूब नहीं है! इसने मजूरी की है!"

सगळ्या माना वळल्या. ह्यांचीही.

खोटं सुचेचना. सगळं सांगून टाकलं, हिंदीत. मराठीत तोंडच उघडलं नसतं. पूर्वा रडायला लागली. हे नुसते संध्याकाळपर्यंत मला दगड देत राहिले. जेवतानाही गप्प. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग रागच आला. मजुरी केली, चोरी नाही केली!

१६ जून

धो धो पाऊस. ह्यांचा बांध कडेनं फुटला आणि गाळ घेऊन खाली आला. माझ्या बांधाला येऊन थांबला. नौल्यात पाणी नितळ! आमांनी मला कडकडून मिठी मारली. ह्यांना नुसता चहा दिला.

१७ जून

परतीची गाडी. हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अण्णांनी मला साखरपुड्यालाच बाजूला घेऊन सांगितलं होतं. पोरीनं लई दगड वाहिलेत, आता वाहू देऊ नका, म्हणाले. वाटलं, तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगशील."

चाळीस वर्षं! मला हसावं की रडावं कळेना, म्हणून भांडले. म्हणजे बांध मुद्दाम चुकवलात? माझं तोंड उघडावं म्हणून?

"नाही गं," म्हणाले. "मला खरंच तसाच येतो."