दोन उंबऱ्यांची आखाजी

१४ एप्रिल १९८३, गुरुवार

पाडवा. गुढीला काठी नव्हती, ह्यांनी पडद्याचा पाइप काढून दिला. बाल्कनीच्या गजाला बांधली. वंदू म्हणाली, "आई, लोकांना वाटेल आपण टी.व्ही. घेतला."

श्रीखंड विकतचं. पुरण घालायला हातच उठला नाही. आईला जाऊन वर्ष व्हायचंय, असं कारण सांगितलं. लग्न झालेल्या लेकीला कसलं आलंय वर्षाचं सुतक, पण कारण बरं पडलं. खरं कारण कंटाळा.

समोरच्या जाधववहिनींकडे आज जयंती. सगळी पांढऱ्या कपड्यांत मैदानातल्या मंडपाकडे गेली. जाताना वाटीभर खीर दिली. म्हणाल्या, "तुमच्या आई असत्या तर वेलची कमी म्हणून भांडल्या असत्या." असतीच भांडली. औषधपाण्यासाठी म्हणून आली, दीड वर्ष या घरात राहिली, आणि तेवढ्यात मजल्यावरच्या सगळ्यांच्या स्वयंपाकाला नावं ठेवून झाली तिची. गेलीही इथेच, आतल्या खोलीत.

महिन्यावर आखाजी, इथले अक्षय्य तृतीया म्हणतात ती. गावाकडून भावाचं, बाप्पूचं, अजून काही बोलावणं नाही.

२० एप्रिल, बुधवार

पेपर तपासून मान आखडली. ‘माझे गाव’ या निबंधात चौथीतल्या एकाने लिहिलंय, ‘माझे गाव सेक्टर दोन आहे. तिथे नदी नाही. पाणी सकाळी येते.’ दहापैकी सात दिले. खोटं एकही वाक्य नाही.

भिजवून वाळवलेली ज्वारी भरडायला गिरणीत नेली. गिरणीवाला तोंड वाकडं करून, "बाई, ज्वारी नको. मागच्याच्या गव्हात जाते." म्हटलं शेवटी घाल. दीड तास बाकावर बसले. कोणासाठी एवढा खटाटोप, असं बसल्या बसल्या तीनदा मनात आलं. उठले मात्र नाही.

२४ एप्रिल, रविवार

बिबड्या केल्या, आमच्याकडचे ज्वारीचे पापड. पहाटे घाटा शिजवला, वर गच्चीत जुन्या धोतरावर थापल्या. जाधववहिनी मदतीला. त्यांना त्यांच्याकडच्या तांदळाच्या फेण्या आठवत होत्या, मला आमच्या. दोघी आपापलं बोलत होतो, ऐकत कोणीच नव्हतं, छान चाललं होतं.

सोसायटीचे चेअरमन वर आले. "मॅडम, टेरेस कॉमन आहे. उद्या सगळेच वाळवणं घालतील, मग मला टेन्शन."

जाधववहिनी: "घालू देत की. तुमी राखण करा."

ते गेले. गरम घाट्यावर कच्चं तेल घालून वाटीभर खाल्लं. वंदूने एक बोट चाटून वाटी परत केली. ही चव आता या घरात मी आणि हे, दोघांनाच कळते. ह्यांनाही थोडीच.

इथे खानदेश म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे नागपूरकडे का?" पूर्वी मी तापी, सातपुडा सगळं समजावत बसायची. आता हो म्हणते.

२ मे, सोमवार

शाळेला सुट्टी. ह्यांची सेकंड शिफ्ट, रबाळ्याहून रात्री बारापर्यंत येतात, म्हणजे दिवसभर झोप आणि चिडचिड.

माहेरचा मुऱ्हाळी न्यायला यायची वेळ झाली. दरवर्षी यायचा असं नाही. वाशीला आल्यापासून तर बाप्पू न्यायला आलाच नाही, पण आई कोणाकोणाबरोबर निरोप तरी धाडायची. ‘आखाजीले ये.’ निरोप आला की मुऱ्हाळी आल्यासारखंच. यंदा निरोप धाडणारी नाही.

हे म्हणाले, "एवढं वाटतं तर जा ना उठून. एस.टी. काय भावालाच ओळखते का?"

ह्यांना कळत नाही असं नाही. कळून बोलतात. आखाजीला लेक आपणहून माहेरी जात नाही. भाऊ नाहीतर भाचा, कोणीतरी न्यायला यावं लागतं. आपणहून गेलेलीला पाट मिळतो, ताट मिळतं, पण बाया एकमेकींकडे बघतात. मी लहानपणी तशा बघणाऱ्यांतच होते.

शिवाय यंदा आईची पहिली घागर, पितरांच्या नावाने पाण्याची भरतात ती. ती बाप्पूच्या दारात भरायची, त्याचा मान. मी तिथे नसेन तर मला माहेर उरलं की नाही, एवढंच विचारायचंय. कोणाला विचारणार?

७ मे, शनिवार

फुलाबाई बोंबील घेऊन आली. दारात टेकली, पाणी प्यायली. ती इथल्याच खाडीकाठच्या गावची. आमची बिल्डिंग आहे तिथे त्यांचं भाताचं शेत होतं म्हणते. मी मोठ्या गप्पा मारत होते, आमच्याकडे आखाजीला पितरांना असं बोलावतात नि तसं. तिने विचारलं, "मग तुमी गावाला जानार?"

म्हटलं, बोलावणं नाही.

"आमचा देव त्या बस-ष्टॉपच्या मागं व्हता. आता रस्ता हाय. आमी आजून तिथंच नारल फोडतो, गाड्या थांबवून. आमच्या म्हाताऱ्यांना काय नवीन पत्ता म्हायत हाय?"

आणि हसली. मला हसू आलं नाही. बोंबील घेतले, ते ह्यांना डब्याला दिले.

आईला कुठला पत्ता माहीत असेल? आयुष्य गावच्या घरात गेलं आणि शेवट या दाराआड. आजारपणात घरी कधी नेणार म्हणून रोज विचारायची, "माले घर कवय लई जाशी?" डॉक्टर म्हणायचे प्रवास झेपणार नाही. शेवटच्या महिन्यात तिने विचारणं सोडलं. इथे रुळली की हरली, कळलं नाही.

११ मे, बुधवार

पनवेलला जाऊन घागर आणली. वर ठेवायचं छोटं मडकंही. बसमध्ये मांडीवर धरून. कंडक्टर म्हणाला, "ताई, फुटली तर आमची जबाबदारी नाय." खरबुजं मिळाली, पण गावाकडच्यासारखा वास नाही. सांजोऱ्यांचा रवा आणला. मांडे होणार नाहीत. खापर नाही, असलं तरी गॅसवर कसं ठेवणार आणि हातावर एवढा मोठा मांडा फिरवायला आईचे हात कुठून आणू. पुरणपोळीवर भागवायचं.

आता मुऱ्हाळीची वाट बघायची नाही असं ठरवलं. संध्याकाळी दोनदा बाल्कनीतून बस-स्टॉप बघितला.

१५ मे, रविवार

आखाजी.

पहाटे उठून दार धुतलं. कुंकवाची वाटी घेऊन बसले आणि बघतच राहिले. पाच वर्षं या घरात राहते, पण आधी आखाजीला सासरी नाहीतर माहेरी असायचो, मागची दोन वर्षं आईच्या आजारपणात सण केलाच नाही, त्यामुळे लक्षातच आलं नव्हतं. या दाराला उंबराच नाही. चौकट तीन बाजूंची, खाली नुसती फरशी, आतली आणि बाहेरची एकच. पितरांनी थांबायचं कुठे आणि आत कुठून यायचं?

शेवटी दाराखालच्या सांध्यावरच कुंकवाची बोटं ओढली. एक मामंजींचं. एक सासूबाईंचं. एक ह्यांच्या आजोबांचं. नाव घ्यायचं, बोट ओढायचं, या म्हणायचं. तीन झाली. हात थांबायला हवा होता. मी चौथं ओढलं, आईचं. मोठ्याने म्हटलं, "माय, ये वं."

हे मागे उभे होते. रात्रपाळीचे डोळे.

"चौथं कोणाचं?"

मी बोट पदराला पुसलं. त्यांना कळलं.

"तुझ्या आईला तुझा भाऊ बोलावतोय ना आज? लेकीच्या घरी कोणी घागर भरतं का? दोन दारांतून एकदम हाक मारली तर बाईने जायचं कुठे?"

"जिथे जीव गेला तिथे येईल."

"हा तुझा हट्ट झाला."

झाला तर झाला. त्यांच्याशी भांडायलाही अंगात बळ नव्हतं.

घागरीवर मडकं, मडक्यावर खरबूज, सांजोऱ्या, आंबे. सगळं केलं. पुरण, आमरस, कटाची रशी, कुरड्या, बिबड्या. आगारीला, म्हणजे पितरांचा घास विस्तवावर टाकायला, जाधववहिनींची शेगडी आणली, निखारे केले. ह्यांनी मुकाट्याने आपल्या वडिलांचा घास टाकला, वर तूप. नुसतं फुसफुसलं. मग मी आईचा घास टाकला. चमच्याने तूप सोडलं आणि एवढा भडका उठला की वंदू किंचाळली. जिन्यात धूर. चेअरमन धावत वर. "मॅडम, सिलिंडर?"

"नाही हो. आमची आई जेवली."

ते काय समजले देव जाणे, हात जोडून खाली गेले.

वर्षभरात पहिल्यांदा पोटभर जेवले मी. जेवता जेवता रडले, पण ते रडणं सुखाचं होतं. हे म्हणाले, "रशी तुझ्या आईसारखी झालीय." एवढ्यावर आमचं भांडण मिटलं.

१९ मे, गुरुवार

बाप्पू आला.

दुपारी तीनला दारात उभा. डोक्याला रुमाल, खांद्याला पिशवी, पिशवीत सांजोऱ्या आणि भरताची वांगी. पुलाजवळ उतरून उन्हात चालत आला, सगळ्या बिल्डिंगा सारख्याच दिसतात म्हणून तीन जिने चढून उतरला. घोटभर पाणीही न घेता म्हणाला, "चाल वं बहीन. तुले लेवाले उनू."

न्यायला आलो, हे वाक्य दहा वर्षांत ऐकलं नव्हतं. मी दाराला धरून उभी. आखाजी होऊन चार दिवस झाले, आता कुठला मुऱ्हाळी, असं म्हणावंसं वाटलं, म्हटलं नाही. वांगी भाजायला घेतली. गॅसवर भाजली, धुराचा वास येत नाही, तो म्हणाला चालतंय. कळण्याची भाकरी बघून त्याचे डोळे भरले. इथे कळणा कुठे मिळतो विचारलं. ज्वारी-उडीद मीच मिसळून दळते म्हटलं.

हे घरी नाहीत. वंदू मामाला टी.व्ही. नसल्याचं सांगतेय. फार बरं वाटतंय आज. लिहून ठेवते.

२० मे, शुक्रवार

काल लिहिलं ते खोडत नाही. पण.

सकाळी बाप्पूला चहा दिला. मग बशीत बघत म्हणाला, आखाजीला सगळं रीतसर केलं, भाऊबंद बोलावले, आईच्या नावाची घागर भरली. "आगारी पेटनीच नही. नुस्ता धूर. तीन डाव तूप टाकं." भाऊबंदांतली म्हातारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कोणी म्हणालं, म्हातारी लेकाकडे मेली नाही म्हणून रुसली. त्याची बायको रडत आत गेली. तेव्हापासून घरात कोणी नीट जेवत नाही.

मग त्याने वर बघितलं. "तू मायले आठे बलावं व्हतं का?"

खोटं बोलता आलं असतं. दाराखालची बोटं पुसली गेली होती, फरशी रोज पुसते मी. पण तो माझ्याच आईचा मुलगा. म्हटलं, हो, इथे बोलावलं. आणि भडका उठला तेही सांगितलं. ते सांगायची काही गरज नव्हती. पण सांगितलं. जिंकल्यासारखं.

तो रागावेल असं वाटलं होतं. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तो मान हलवत राहिला, एखाद्याला हरवलेल्या माणसाचा ठावठिकाणा लागावा तसा. म्हणाला, पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध. तेव्हाही ती आली नाही तर गावात तोंड कसं दाखवू? "तू चाल. तू उनी म्हंजे माय बी यी."

विचारलं, "बाप्पू, मला न्यायला आलास की तिला?"

"माले काय ठाऊक? तू चाल ना."

भांडी घासायला गेले. नळ सोडून बराच वेळ उभी होते. दहा वर्षांनी मुऱ्हाळी आला आणि तो माझा नाही. आणि त्याच्यावर रागही धरता येत नाही, कारण आईला घरी जायचंच होतं. मी हाक मारून तिला इथे ठेवून घेतलं असेल तर?

हे रात्री आले. सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ असं आज म्हणत नाही." म्हणजे म्हणालेच.

२१ मे, शनिवार

जायचं ठरलं. वंदू ह्यांच्याजवळ राहील, जाधववहिनी बघतील. शाळा उघडायच्या आत परत, वर्षश्राद्धाला दोन दिवस पुन्हा रजा काढेन.

लुगडं नेसले. पिशवी दाराशी ठेवली. बाप्पू खाली रिक्षा थांबवून हाका मारतोय, "नलुबाय, गाडी चुकी!" जाधववहिनींनी कुंकू लावलं. म्हणाल्या, "माहेरी चाललाय, तोंड असं का?" काय सांगू त्यांना.

चपला घातल्यात, वही मांडीवर, दारातच बसून लिहितेय. ह्यांनी दोनदा घड्याळ दाखवलं. आतली खोली इथून दिसते. तिला नेलं तर बाप्पूची आगारी पेटेल, आईचं घरी जायचं पुरं होईल आणि परत येईन तेव्हा ही खोली नुसती खोली असेल. न नेलं तर ती माझी राहील. निघताना आईला ‘चल’ म्हणायचं की ‘तू थांब, मी येते’ म्हणायचं, ते अजून ठरत नाही.