संध्याकाळच्या गोळ्या

६ ऑगस्ट, मंगळ. कांडला बंदर
जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन. आबा आन् चुलते नाना दोघंबी तापानं पडलेत. फ्लू निघाला. लोणावळ्याच्या दवाखान्यात नव्या गोळीची चाचणी चालूय. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती पिठाची. दिसायला सारखीच. कुणाला कुठली, डॉक्टरलाबी म्हाईत नसतं म्हणे. आबांना घेतलं. नानांना शुगर, म्हणून न्हाई.
सिस्टरनं मला फोनवर सगळा फॉर्म वाचून दाखवला. आबा म्हणले, "तू म्हणशील तसं." मी व्हय म्हणलो. माझ्यासारख्या आठवी नापासाला इचारून काय...
आबा अनोळखी नंबर उचलत न्हाईत. फॉर्मवर माझा दिला.

७, बुध.
आबा म्हणतात, "लय कडू हाय. म्हंजी खरीच." हसलो. कंटेनर बांधताना दिवसभर तेच डोक्यात.

९, शुक्र.
नाना उठून गोठ्यात गेले. आबा हाय तसेच. औषध आबांना आन् बरे नाना? आबांना खोदून इचारलं. तर म्हणे, "सकाळची माझी, संध्याकाळची नानाची."
— आबा, ती वाटायची नसती! त्यांना शुगर हाय!
"घर एक, चूल एक. आन् गोळी एकट्यानं गिळू व्हय?"
नानांना सांगितलंय, दवाखान्यानं दोघांनाबी दिलीय. वर मला शपथ घातली, कुणाला सांगायचं न्हाई. सिस्टरला कळलं तर राहिलेल्याबी काढून घेतील म्हणतात.

१०, शनि.
सुट्टी मागितली. सुपरवायझर, "पिछले महिने तो गया था." व्हय, भातलावणीला गेलतो.
सिस्टरचा फोन. "दोन्ही वेळच्या घेतात ना?"
व्हय म्हणलो. कसं निघालं तोंडातनं.
"छान. असेच पेशंट पाहिजेत."

११, रवि.
आबांना धाप. नानांनीच जीपनं लोणावळ्याला नेलं. ऑक्सिजन लावलाय. सिस्टर म्हणली, "सगळ्या गोळ्या घेऊन उतार कसा नाही?" ती तसंच लिहून घेणार. गोळीचा गुण न्हाई म्हणून.
पिठाची असंल तर वाटली काय, न्हाई वाटली काय. खरी असंल तर...
नाना फोनवर, "माझा ताप बघ कसा पळाला. ह्याचाबी पळंल."

शपथ गेली खड्ड्यात. सिस्टरला फोन लावला. लगेच उचलला. "हां, बोला दादा."
आबा कसे हायेत, एवढंच इचारलं.