ठमीची नजर

प्रिय आई,

लांबूनच पाया पडते. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. बाबांच्या तपासणीचा रिपोर्ट अजून आला नाही, असं तू तिसऱ्यांदा लिहिलंस. इतका वेळ लागतो का गं?

इथे प्रयोगशाळेत मी सात-आठ महिन्यांच्या बाळांना तारांची ओली टोपी घालते आणि पडद्यावर चेहरे दाखवते. टोपीमुळे मेंदूत काय चाललंय ते कळतं. हसऱ्या चेहऱ्यावरून बाळं लवकर नजर हटवतात. घाबरलेला चेहरा दिसला की मात्र नजर तिथेच खिळते. शेजारी खुळखुळा वाजवला तरी बहुतेकांची मान वळत नाही.

दादाच्या आठ महिन्यांच्या ठमीचा फोटो मिळाला. गालांवर चांगलं बाळसं आलंय. पण वहिनी शेजारी खुळखुळा धरून बसलीय आणि ही बया फोटो काढणाऱ्याकडे टक लावून बघतेय. एका फोटोवरून काही ठरत नसतं, मलाही कळतं. म्हणून तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. त्यात लिहिलंयस, ‘फोटो मीच काढला. घरी सगळं छान.’

मला फसवायचं होतं, तर फोटो दादाला काढायला सांगायचा होतास.

आई, रिपोर्ट आलाय ना?

तुझी,
धाकटी