बाइंडरच्या मशीनचा शाफ्ट

प्रिय वहिनी,

शाफ्ट सुटला. बाइंडरचं ते कागद कापायचं धूड दादाच्या आजारपणात आलं आणि कोपऱ्यातच राहिलं, त्याचा शाफ्ट. माहेरी जाताना तू म्हणालीस, दादाबरोबर दुकानही गेलं, भंगारवाल्याला हो म्हणून टाका. मी नुसती मान हलवली. तुझ्यापुढे मला बोलायला कधी सुचत नाही.

मग बाइंडरही म्हणाला, जमत नसेल तर माझं मशीनही भंगारातच घाला. ते लागलं मला. शाफ्ट पुलीत असा जाम, जणू एकाच लोखंडाचा ओतलाय. त्याच्या माणसांनी घण घालून टोक अळंबीसारखं पसरवलेलं. गंज सुटला असता तरी ते पुलीच्या भोकातून पार झालं नसतं. अशांना दादा म्हणायचा, दार उघडेना म्हणून भिंत पाडणारे. कानशीने टोक घासून मापात आणण्यातच सकाळ गेली. मग फक्त पुली तापवली आणि मेण वितळून आत झिरपावं म्हणून सांध्यावर मेणबत्ती दाबून धरली. मेण बाहेरच ओघळलं. पुन्हा तापवली, पुन्हा तेच.

दादा ज्योतीवर असायचा, मेणावर तू. तू ‘आता’ म्हटल्याशिवाय त्याचा हात हातोडीकडे जायचा नाही. गिऱ्हाइकं चिडवायची, मिस्त्री बायकोच्या हुकमात आहे. तो म्हणायचा, आहेच, म्हणून तर आमच्याकडे शाफ्ट मोडत नाहीत. तुझा हात आठवला. तू मेण दाबून धरायची नाहीस, जरा टेकवून उचलायचीस आणि वाट बघायचीस. तसं केलं. मेण आत ओढलं गेलं. पितळी हातोडीने चहूबाजूंनी हलकेच ठोकलं, निवू दिलं, परत तापवलं. ऊन उतरताना शाफ्ट केसभर सरकला. मी जरा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो.

बाइंडरने हाताने चाक फिरवून पाहिलं आणि विचारलं, कुणाची ही करामत. “आमच्या दादा-वहिनींची पद्धत आहे,” मी म्हणालो. समोरच्या दुकानातही ऐकू गेलं असेल.

काल भंगारवाला गाडी घेऊन आला होता. त्याला मी परत पाठवलं, तुला न विचारता. तेच कळवायला हे पत्र. बाइंडरने आणखी एक मशीन आणून टाकलंय, आणि ज्योत नि मेण एकट्याला दरवेळी साधायचं नाही. दुकान तुझं आहे. विकायचंच असेल तर तू येऊन विक. रागावायचं असेल तर तेही इथे येऊनच रागव.

तुझाच,
धाकटा दीर